गाडी जुनी, गिऱ्हाईक नवे

१९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम या हौशी अमेरिकन धनिकाने फ्रान्समधल्या बुगाटी कुटुंबाकडून त्यांच्याकडे पडून असलेल्या दोन अवाढव्य मोटारी विकत घेतल्या. किंमत किती दिली असेल? थोडीशी रोख रक्कम आणि दोन नवे कोरे फ्रीज, असे सांगितले जाते. महायुद्धाने पोळलेल्या फ्रान्समध्ये तेव्हा फ्रीज मिळणे दुरापास्त होते. आणि दारात उभ्या असलेल्या त्या मोटारी? त्यांना पेट्रोल पाजायचे म्हटले तरी घर बुडायची वेळ! सौदा दोन्ही बाजूंना पटला आणि गाड्या जहाजात चढल्या.

त्या दोन गाड्यांपैकी एक १९८७ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात पुकारली गेली. हातोडा पडला तेव्हा आकडा होता ५५ लाख पौंड. एका मोटारीला तोवर लिलावात एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती.

ही गाडी म्हणजे ‘बुगाटी रॉयल’. राजेमहाराजांनी वापरावी म्हणून एत्तोर बुगाटीने ती काढली. इंजिन जवळजवळ पावणेतेरा लिटरचे. आपल्या साध्या घरगुती गाडीची दहा इंजिने एकत्र करावीत, एवढे. पण दैवगती अशी, की गाडी तयार झाली आणि जगात मंदी आली. एकाही राजाने ती घेतली नाही. सगळ्या मिळून सहाच गाड्या बनल्या आणि त्यातल्या तीनच बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. त्यांतलीही एक १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या भंगारवाल्याकडे पोहोचली होती. चार्ल्स चेन नावाच्या मोटार-इंजिनिअरने ती चारशेएक डॉलरला घेतली, निगुतीने दुरुस्त केली आणि पुढे हेन्री फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली.

म्हणजे चारशे डॉलर, दोन फ्रीज आणि ५५ लाख पौंड ही एकाच जातीच्या गाडीची वेगवेगळ्या काळातली किंमत. पत्रा तोच, इंजिन तेच, बनवणाराही तोच. बदलला तो घेणारा. जुन्या मोटारींच्या बाजारातले हे सर्वांत मोठे गुपित आहे आणि गेली काही वर्षे जगभरच्या संग्राहकांची झोप उडाली आहे तीही त्याच्यामुळेच. कारण घेणारा आता पुन्हा एकदा बदलतो आहे.

‘जुने ते सोने’ खरे का?

आधी शब्दांचा थोडा उलगडा करू. आपण सरसकट सगळ्याच जुन्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणतो. ब्रिटिश मंडळी मात्र या बाबतीत काटेकोर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची ती ‘व्हेटरन’ किंवा ‘एडवर्डियन’, १९१९ ते १९३० मधली ती ‘विंटेज’. अमेरिकेत १९५२ साली स्थापन झालेल्या क्लासिक कार क्लबने आपली वेगळीच यादी केली. तीत ठरावीक वर्षांतल्या फक्त उंची, देखण्या गाड्यांनाच प्रवेश. आपल्या देशात साधारण १९४० च्या अलीकडे-पलीकडे रेघ ओढण्याचा प्रघात आहे. या लेखापुरते आपण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांना ‘युद्धपूर्व’ म्हणू.

या गाड्यांचे वेड सुरू झाले तेच मुळी त्या गाड्या पाहत मोठ्या झालेल्या माणसांमुळे. इंग्लंडमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ चा, अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ चा. पण लाट आली ती युद्धानंतर. १९२० च्या दशकात ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पॅकार्ड आणि कॅडिलॅक गाड्या धूळ उडवत जाताना पाहिल्या होत्या, ती पोरे आता चाळिशी-पन्नाशीची झाली होती. हातात पैसा होता. गावोगावच्या गोठ्यांतून, कोठारांतून गंजलेल्या गाड्या बाहेर निघू लागल्या. नेवाडातले जुगारगृहांचे मालक विल्यम हॅरा यांनी तर सुमारे चौदाशे गाड्या जमवल्या आणि त्या दुरुस्त करायला स्वतःचा कारखानाच काढला. १९७८ मध्ये हॅरा गेले. त्यांच्या पश्चात त्या संग्रहाचा मोठा भाग लिलावात निघाला आणि उरलेल्या गाड्यांतून रीनो शहरातले संग्रहालय उभे राहिले.

इथे एक साधा नियम दिसतो. माणूस दहा-पंधरा वर्षांचा असताना ज्या गाडीकडे तोंड उघडे टाकून पाहतो, तीच गाडी त्याला पन्नाशीत हवी असते. घराचे हप्ते फिटलेले असतात, मुले मार्गी लागलेली असतात आणि मनातला तो शाळकरी मुलगा हळूच डोके वर काढतो. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेत १९५५-५७ च्या शेवरोले गाड्यांना भाव आला. नवे शतक उजाडले तेव्हा साठच्या दशकातल्या दणदणीत इंजिनांच्या ‘मसल कार’ची चलती झाली. गिऱ्हाईक म्हातारे होत जाते, तसा मागणीचा काटा पुढच्या सालाकडे सरकत जातो.

आता हा काटा कुठे आहे? २०२१ साली ‘फास्ट अँड फ्युरिअस’ चित्रपटात वापरलेली नारिंगी टोयोटा सुप्रा अमेरिकेत साडेपाच लाख डॉलरला गेली. २०२३ मध्ये त्याच चित्रमालिकेतली निस्सान स्कायलाईन तेरा लाख डॉलरच्या वर गेली. ही जपानी गाडी नव्वदच्या दशकातल्या मुलांनी पडद्यावर पाहिली आणि १९९७ साली आलेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडिओ गेममध्ये चालवलीसुद्धा! अमेरिकेत परदेशी बनावटीची गाडी पंचवीस वर्षे जुनी झाली की तिच्या आयातीवरची बरीच बंधने उठतात. त्यामुळे दरवर्षी नव्वदच्या दशकातली एकेक तुकडी तिकडच्या तरुणांना खुली होत गेली. १९९९ ची स्कायलाईन २०२४ मध्ये खुली झाली.

मग १९२९ ची ती फोर्ड कुणाला हवी? तिला पडद्यावर पाहिलेले, तिच्यात बसून आजोळी गेलेले लोक आता फार थोडे राहिले आहेत.

रुपयाची गाडी, दोन रुपयांची दुरुस्ती

‘फोर्ड मॉडेल ए’ ही युद्धपूर्व गाड्यांमधली सर्वसामान्यांची गाडी. १९२७ ते १९३१ या काळात अशा चाळीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तिच्या आधीची ‘मॉडेल टी’ तर दीड कोटीच्या घरात. आज अमेरिकेत चालू स्थितीतली नेटकी मॉडेल ए एखाद्या साध्या नव्या गाडीच्या किमतीत, पुष्कळदा त्याहूनही कमी किमतीत मिळते. आणि ती पहिल्यासारखी करायला जो खर्च झालेला असतो, तो मात्र या किमतीच्या कितीतरी पुढे.

हा खर्च का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचा सांगाडा लाकडाचा. ॲश नावाच्या लाकडाची चौकट करायची आणि तिच्यावर पत्रा ठोकायचा. ऐंशी-नव्वद वर्षांत लाकूड कुजते, म्हणजे आधी सुतार हवा. पत्र्याचा गोलवा हाताने ठोकून काढणारा पत्रेकाम करणारा हवा. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये ‘व्हाईट मेटल’ वितळवून ओतायचे, मग ते लेथवर कातून दांड्याला चपखल बसवायचे, तर तसा मिस्त्री हवा. निकेलचा मुलामा देणारा वेगळा, गाद्यांचे चामडे शिवणारा वेगळा, काचेची तबकडी असलेली घड्याळे आणि काटे दुरुस्त करणारा वेगळा. सुटा भाग दुकानात मिळत नाही, तो नमुन्यावरून नव्याने घडवावा लागतो. बुगाटी असो की साधी मॉरिस, मजुरीचे तास जवळपास तेवढेच. फरक इतकाच, की बुगाटीचा मालक ते पैसे विक्रीत वसूल करू शकतो, मॉरिसच्या मालकाने ते देवाला वाहिले असे समजायचे.

शिवाय गाडी चालवण्याचाही प्रश्न आहे. मॉडेल टीमध्ये तीन पेडल असतात, पण आपल्या सवयीचे एकही नाही. डावे पेडल दाबले की पहिला गिअर, सोडले की वरचा. मधले दाबले की गाडी मागे जाते. उजवे म्हणजे ब्रेक. आणि वेग वाढवायचा तो स्टिअरिंगजवळच्या दांडीने! क्लच म्हणून भलतेच पेडल दाबले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. ज्या मुलाने आयुष्यात दोनच पेडलांची गाडी पाहिली, त्याने हे का शिकावे? ज्याच्या घराला गाडी लावायला धड एक जागा नाही, त्याने दुसरी गाडी कुठे ठेवावी?

म्हणून साध्या युद्धपूर्व गाड्यांच्या बाजारात आज विकणारे फार आणि घेणारे कमी अशी अवस्था दिसते. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या चार-सहा गाड्या मुलांपुढे असतात. त्यांना त्यात रस नसतो. एकाच वयाची माणसे एकाच वेळी थकतात आणि त्यांच्या गाड्याही एकाच वेळी बाजारात येतात. भाव पडेल नाहीतर काय होईल?

शिखरावरचे वारे वेगळे

पण थांबा. सगळ्याच युद्धपूर्व गाड्यांचे बारा वाजले आहेत, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथे १९३५ ची एक ड्युसेनबर्ग ‘एसएसजे’ लिलावात आली. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या, त्यातली ही हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याची. ती गेली २ कोटी २० लाख डॉलरला, आणि अमेरिकन गाडीला लिलावात मिळालेल्या किमतीचा तो विक्रम ठरला. २०२२ मध्ये १९३७ ची एक तालबो-लागो, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराची, १ कोटी ३४ लाख डॉलरवर गेली. या गाड्या घेणाऱ्यांनी त्या लहानपणी रस्त्यावर पाहिल्या असणे शक्य नव्हते. मग त्यांनी काय घेतले? त्यांनी घेतले ते शिल्प. रविवर्म्याचे चित्र विकत घेण्यासाठी रविवर्मा पाहिलेला असावा लागत नाही. काही मोजक्या गाड्या आठवणीच्या बाजारातून बाहेर पडून कलावस्तूंच्या बाजारात जाऊन बसल्या आहेत.

तरीही शिखरावर शेजार बदलला आहे. ज्या महिन्यात ती ड्युसेनबर्ग विकली गेली, त्याच महिन्यात तिथून जवळच १९६२ ची एक फेरारी ‘२५० जीटीओ’ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२२ मध्ये १९५५ ची मर्सिडीज ‘३०० एसएलआर’ कूपे १३ कोटी ५० लाख युरोला. दोन्ही युद्धानंतरच्या. आणि एक योगायोग तर पाहण्यासारखा आहे. १९२४ ची हिस्पानो-सुइझा, ट्यूलिपवूड लाकडाच्या पट्ट्या तांब्या-पितळेच्या खिळ्यांनी जोडून, होडी बनवावी तशी बनवलेली, जगात एकच. ती २०२२ मध्ये लिलावात ९२ लाख ४५ हजार डॉलरला गेली. तीनच वर्षांनी, २०२५ मध्ये, १९९५ ची एक पिवळी फेरारी ‘एफ ५०’ लिलावात आली. अशा गाड्या कारखान्याने साडेतीनशेच्या आसपास काढल्या. तिलाही मिळाले बरोबर ९२ लाख ४५ हजार डॉलर! शंभर वर्षांची एकमेव गाडी आणि तीस वर्षांची साडेतीनशेंतली एक. बाजाराने दोघींना एकाच तराजूत बसवले.

जीर्णोद्धार की जतन?

पिढी बदलली तशी आवडही बदलली. पूर्वी जुनी गाडी म्हणजे आरशासारखी चकचकीत, कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल इतकी देखणी असावी, असा दंडक होता. पेबल बीचला १९५० पासून भरणाऱ्या जगप्रसिद्ध गाड्यांच्या स्पर्धेत वर्षानुवर्षे अशाच गाड्या पहिल्या येत. आपल्याकडे हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणाला भाविकपणे ऑईलपेंट फासतात ना, त्यातलाच हा थोडा महागडा प्रकार. हेतू चांगला, पण पाषाण गेला तो गेला.

२०२४ मध्ये त्याच स्पर्धेत इतिहास घडला. पहिली आली ती १९३४ ची बुगाटी ‘टाइप ५९’, एके काळी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिसरा याच्याकडे असलेली. रंग जुना, ठिकठिकाणी विटलेला, चामड्याला सुरकुत्या. नव्याने न सजवता जशी आहे तशी जपलेल्या गाडीने सर्वोच्च मान पटकावण्याची ती पहिलीच वेळ. चार वर्षांपूर्वी लंडनच्या लिलावात हीच गाडी ९५ लाख पौंडांच्या वर गेली होती, तेही तिच्या त्या विटलेल्या रंगासकट, किंबहुना त्या रंगामुळेच. नव्या संग्राहकाला चकचकाटापेक्षा खरेपणाचे मोल जास्त वाटू लागले आहे.

हे कळायला हवे ते केवळ कोट्यधीशांना नव्हे. घरातली जुनी वस्तू ‘नवी करून’ आणण्याची हौस आपल्याला भारी. आजोबांची गाडी, आजीचे कपाट, पितळी कडीचा पलंग, सगळ्यांवर एकदा पॉलिश आणि रंग फिरवला की समाधान वाटते. त्या रंगाखाली त्या वस्तूची साक्ष पुसली जाते, हे नंतर लक्षात येते.

आपल्या दारातल्या गाड्या

आपल्याकडे युद्धपूर्व उंची गाड्या आल्या त्या मुख्यतः संस्थानिकांमुळे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५ ची ड्युसेनबर्ग मागवली. चासी अमेरिकेची, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंगचा. होळकरांची अभिरुची आधुनिक आणि तिचे हे चालते-फिरते उदाहरण. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. अशा किती गेल्या याची गणती नाही. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. राजवाड्यांच्या मोटारखान्यांत गाड्या होत्या, पण शोफर नव्हते, पेट्रोल नव्हते आणि छपरेही गळत होती. परदेशी दलाल दारात उभे राहिले. कवडीमोल भावाने गाड्या बोटीवर चढल्या. त्याच काळात मुंबईचे उद्योजक प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या काहींनी त्या देशातच राहाव्यात म्हणून धडपड केली. त्यांचा संग्रह अहमदाबादजवळ आजही पाहायला मिळतो.

बुगाटीच्या त्या दोन फ्रीजची गोष्ट आणि आपल्या मोटारखान्यांची गोष्ट एकच आहे. मालकाच्या दृष्टीने गाडीची किंमत संपलेली आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने अजून सुरूही न झालेली. मधल्या त्या पोकळीतच वस्तू हातातून जातात.

आणि आज आपणही अशाच एका पोकळीत उभे आहोत. युद्धपूर्व ऑस्टिन, मॉरिस, फोर्ड गाड्या सांभाळणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली. नंतरच्या पिढीची ओढ फियाट आणि अँबॅसेडरकडे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली तेव्हा मुंबईकरांनी जी हळहळ व्यक्त केली, तिच्यात उद्याच्या संग्राहकांची चाहूल होती. त्यांच्या पाठोपाठ मारुती ८०० वर जीव असलेले येतील. ते चुकीचे मुळीच नाही. प्रत्येकाचे आजोळ वेगळे, तशी प्रत्येकाची गाडी वेगळी.

सरकारी नियमांतही हा बदल उमटला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा वेगळा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ती रोजच्या वापराला चालत नाही. मेळावे, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. आयातीच्या बाबतीत पूर्वी १९५० च्या आधीची गाडी अशी अट होती. २०२५ मध्ये ती बदलून पन्नास वर्षे जुनी गाडी अशी सरकती मुदत आली. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या गाड्यांनाही दार उघडले. ठरावीक सालाची रेघ पुसली आणि पिढीबरोबर पुढे चालणारी रेघ आली.

मग जुन्या गाड्यांचे होणार काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर लंडनकडे पाहावे लागेल. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे हाइड पार्कमधून शेकडो गाड्या ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघतात. १८९६ मध्ये मोटारींना रस्त्यावर जरा मोकळीक देणारा कायदा झाला, त्याच्या आनंदात पहिली फेरी निघाली होती. तिची आठवण म्हणून ही सहल. अट एकच, की गाडी १९०५ च्या आधीची हवी. कडाक्याची थंडी, अंगावर पाऊस, डोक्यावर छप्पर नाही, चढावर उतरून ढकलण्याची तयारी! या गाड्या नव्या असताना पाहिलेला एकही माणूस आज हयात नाही. आठवणीचा नियम खरा मानला तर या गाड्या भंगारात जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात १९०४ च्या गाडीला तशाच १९०६ च्या गाडीपेक्षा लक्षणीय जास्त भाव येतो. का? तर ती ब्रायटनला जाऊ शकते म्हणून! इटलीतल्या ‘मिल्ले मिलिया’ या शर्यतीच्या स्मरणफेरीत भाग घेऊ शकणाऱ्या गाड्यांचेही तसेच.

म्हणजे आठवण संपली तरी गाडी तगते. पण एका अटीवर, तिला जायला ठिकाण हवे. लोकांच्या डोळ्यांसमोर ती चालत राहायला हवी. जी गाडी कुलपात राहिली तिचे वय तिच्या मालकाच्या वयाएवढेच. तो गेला की ती गेली.

दुसरी अट हातांची. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या मॅकफर्सन या लहानशा कॉलेजात १९७६ पासून जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले जाते, त्याची पदवीही मिळते. तिथल्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे खपून १९५३ ची एक मर्सिडीज उभी केली आणि २०२३ मध्ये ती पेबल बीचला आपल्या गटात दुसरी आली. कोट्यधीशांच्या गाड्यांच्या रांगेत विशीतल्या पोरांनी हाताने घडवलेली गाडी! आपल्याकडे हे कसब अजूनही मिस्त्रीकडून पोऱ्याकडे, बापाकडून मुलाकडे जाते. पण पोऱ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि मुलगा आयटीत, तर व्हाईट मेटल ओतणार कोण? गाडी पुन्हा घेता येईल, हात पुन्हा आणता येणार नाहीत.

आणि पडलेल्या भावाचे काय? मला तर ती आनंदाची बातमी वाटते. जी गाडी काल फक्त श्रीमंताला परवडत होती, ती आज एखाद्या शाळामास्तराला, इंजिनिअर मुलीला परवडू शकते. इंग्लंडमध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’, म्हणजे आपल्या आजोबांची ‘बेबी ऑस्टिन’, हौशी तरुणांच्या हाती दिसते ती याचमुळे. लहान, हलकी, घरच्या गॅरेजमध्ये पाना-हातोडीने उघडता येणारी. गुंतवणूक म्हणून गाडी घेणारे दूर झाले, की गाडीवर प्रेम करणाऱ्यांना रांगेत पुढे सरकता येते.

तेव्हा ज्यांच्या वाड्यात, शेतघरात, बंगल्याच्या मागच्या पडवीत एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, रंगाऱ्याला बोलावण्याआधी कागदपत्रे शोधा. जुने नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, गाडीसमोर उभे राहून काढलेला कृष्णधवल फोटो. गाडीचे निम्मे मोल त्या कागदांत असते. दुसरी, ती कितीला जाईल हे विचारण्याआधी ती कुणाला दाखवली शेवटची, हे आठवा. नातवंडांना कधी त्या गाडीतून कोपऱ्यापर्यंत तरी नेले का?

कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर दिसते. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार छत्रपती घराण्याला घेऊन दसरा चौकात येते, तेव्हा दुतर्फा माणसांची भिंत उभी असते. लिलावात तिला काय भाव येईल, हा हिशेब त्या गर्दीत कुणी करीत नाही. बापाच्या खांद्यावर बसलेले पाच वर्षांचे पोर मात्र मान वळवून वळवून ती लांबलचक गाडी नजरेआड होईपर्यंत पाहत राहते. युद्धपूर्व काळाशी त्याचे काही नाते नाही. पण आणखी चाळीस वर्षांनी कुणी त्याला विचारले, की तुझ्या लहानपणची गाडी कोणती, तर ते कदाचित मेबॅकचेच नाव घेईल.